टेनिस एल्बोचा पिळायचा रबरी दांडा : घ्या, पण आधी कोपर दाखवून या

आधीच सांगतो, मी टेनिस खेळत नाही, आयुष्यात कधी खेळलेलो नाही. बॅडमिंटन खेळतो, ते पण सकाळी ऑफिसच्या आधी हॉलवर डबल्स, आणि आमच्या ग्रुपमधे प्रत्येकाचं काही ना काही दुखतंच, कुणाचा गुडघा कुणाची टाच, माझं उजवं कोपर. बॅकहँड मारला की बाहेरच्या बाजूला कळ जायची, मग हळूहळू दुधाची पिशवी उचलताना, दाराची कडी फिरवताना, माऊस धरतानासुद्धा. कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या या दुखण्यालाच टेनिस एल्बो म्हणतात. आईला टेनिस एल्बो म्हटलं की अजून सचिनच आठवतो, २००४ मधे त्याला झाला आणि २००५ ला लंडनला ऑपरेशन करावं लागलं, त्यामुळे तिने लगेच ऑपरेशनचा खर्च विचारला. तर आई, आणि बाकी सगळ्यांनाच सांगतो, बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही.

हा दांडा मला फिजिओ मॅडमनी सांगितला. पण दांड्याच्या आधी त्यांनी काय तपासलं ते लिहितो कारण लोक डायरेक्ट ऑनलाइन ऑर्डर करतात. मूठ आवळून मनगट वर उचलायला लावलं आणि वरनं दाबलं, कळ आली. नुसतं मधलं बोट सरळ ठेवून दाबलं, तेव्हाही आली. कोपराच्या बाहेरच्या हाडाचा उंचवटा असतो ना, तिथं बोट ठेवल्यावर तर मी ओरडलोच. मग मान फिरवायला लावली, बोटांना मुंग्या येतात का विचारलं, कारण मानेतली नस दबली तरी दुखणं कोपरापर्यंत उतरतं आणि माणूस वर्षभर कोपरालाच मलम चोळत बसतो. एक्सरे काढायला सांगितला नाही, म्हणाल्या तो बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, हे हाताने तपासूनच कळतं. दुखणं आतल्या बाजूला असेल तर ते गोल्फर्स एल्बो, त्याचा व्यायाम उलटा, तेव्हा आंधळेपणाने माझं बघून करू नका.

आता वस्तूबद्दल. फूटभर लांब, मुठीत मावेल असा जाड, खाचा पाडलेला भरीव रबरी दांडा, बस एवढंच. थेराबँडचा फ्लेक्सबार म्हणून मिळतो तो मूळ, त्यात रंगावरून कडकपणा ठरतो, पिवळा हलका, मग लाल, हिरवा, आणि निळा सगळ्यात कडक. मी लाल घेतला. बरेच पुरुष दुकानात दंड दाखवल्यासारखे थेट निळा मागतात, कशाला? दुखऱ्या कोपराला लालसुद्धा सुरुवातीला पुरे होतो, बायकांनी किंवा फार दुखत असेल तर पिवळ्यापासून सुरू करावं. ग्रुपमधल्या एकाने स्वस्तातला बिननावाचा हिरवा मागवलाय, तो पण पिळून बघितला, आमच्या लालपेक्षा मऊ लागला आणि हाताला टायरसारखा वास दिवसभर. म्हणजे लोकल मालात रंगावर विसंबू नका, हातात घेऊन पिळून बघता आलं तरच घ्या.

वापरायचं असं. दुखऱ्या हातात दांडा उभा धरायचा, मनगट मागे वाकवलेलं. दुसऱ्या हाताने वरचं टोक पकडून पीळ द्यायचा. मग दोन्ही हात समोर सरळ करायचे, दांडा आडवा येतो, आणि आता दुखऱ्या हाताचं मनगट हळूहळू पुढे सोडत पीळ उलगडू द्यायचा, चार सेकंद तरी लागले पाहिजेत. सगळी गंमत या सोडण्यातच आहे, पीळ द्यायचं काम चांगल्या हाताचं. पंधरा वेळा, मधे थोडं थांबून असं तीनदा, रोज.

हे बघून वहिनी म्हणाली, "अहो भावजी, माझा हात कपडे पिळून पिळूनच दुखतो आणि तुम्हाला तेच औषध म्हणून दिलंय?" प्रश्न एकदम बरोबर होता, मी मॅडमना जाऊन विचारला. त्यांचं उत्तर असं की जुन्या टेनिस एल्बोत सूज फारशी नसतेच, मनगट वर उचलणारा जो स्नायू आहे त्याचा दोर हाडाला चिकटतो तिथले धागे झिजून विस्कटलेले असतात, म्हणून स्प्रे आणि गोळ्यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं. दोराला पुन्हा मजबूत व्हायला मोजूनमापून ताण लागतो. कपडे पिळताना आपण झटके देतो, ओझं किती याचा हिशोब नसतो, इथे स्नायू लांब होत होत हळू भार सोडतो. २०१० मधे न्यूयॉर्कच्या फिजिओंनी याच दांड्यावर अभ्यास केला आणि नेहमीच्या उपचारात हा व्यायाम जोडलेल्यांना बराच जास्त फरक पडला, पण पेशंट होते फक्त २१, तेव्हा जादूची कांडी समजू नका.

माझा अनुभव? सुरुवातीला व्यायाम करताना दुखतं. थोडं दुखलेलं चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नको, वाढलं तर हलका रंग किंवा कमी वेळा. मग बरेच दिवस काहीच फरक नाही, इथेच लोक दांडा कपाटात टाकतात. फरक पडायला आठवडे लागले, आधी कडी फिरवताना कळ गेली, बॅकहँडचं दुखणं सगळ्यात शेवटी गेलं. त्या काळात खेळ पूर्ण बंद नव्हता, पण स्मॅश कमी, रॅकेटचं गटिंग म्हणजे जाळीच्या तारा जरा सैल करून घेतल्या, ग्रिप जाड केली.

सोबत मेडिकलवाल्याने पट्टा दिला होता, त्याबद्दल दोन ओळी. तो कोपराच्या हाडावर नाही बांधायचा, दोन-तीन बोटं खाली, मांसल भागावर. खेळताना बरा वाटतो, बोटं बधिर होतील इतका आवळू नका. तो फक्त आधार आहे. आणि ते मोज्यासारखं कोपराचं कव्हर विकतात ते घेऊच नका, गरम तेवढं होतं.

इंजेक्शनचं पण विचारतात सगळे. स्टिरॉइडचं एक इंजेक्शन आणि आठवड्यात बॅडमिंटन, हे खोटं नाही, आमच्या इथे एकाने केलंय. पण ऑस्ट्रेलियात १९८ लोकांवर झालेला २००६ चा अभ्यास आहे, त्यात सहा आठवड्यांना इंजेक्शनवाले सगळ्यात पुढे आणि वर्षाने फिजिओवाल्यांच्या मागे, बऱ्याच जणांचं दुखणं परत आलेलं. गंमत म्हणजे नुसतं थांबून काळजी घेणारेसुद्धा वर्षभरात फिजिओवाल्यांच्या जवळपास पोचले. म्हणजे दांडा न घेता पण बहुतेक कोपरं बरी होतात, फक्त वेळ खातात.

त्यामुळे किमतीचं म्हणाल तर मूळ दांडा एका रबराच्या तुकड्याला महागच आहे. नसेल घ्यायचा तर अर्ध्या किलोचं डंबेल किंवा पाण्याची बाटली घ्या, हात टेबलावर, मनगट बाहेर लोंबतं, दुसऱ्या हाताने वर उचलायचं आणि दुखऱ्या हाताने सावकाश खाली सोडायचं, तत्त्व तेच. मला दांडा आवडला कारण तो ऑफिसच्या बॅगेत राहतो आणि मीटिंगमधे कॅमेरा बंद करून पिळता येतो, डंबेल कोण नेणार.

पाचपैकी चार. एक कापला तो किमतीसाठी. पडून मार लागला असेल, कोपर सुजलंय किंवा सरळच होत नसेल, ताप असेल, तर यातलं काहीही न करता आधी हाडाच्या डॉक्टरकडे जा. आणि दांडा गाडीच्या डिक्कीत उन्हात ठेवू नका, रबर चिकट होतं.