सिग्नल: होमस्टेवाल्याच्या फोनवर दिवाळी ते आंबा

आमचं गुहागरजवळ घरगुती राहण्या-जेवणाचं चालतं. खोली ठरली की पुण्या-मुंबईचे पाहुणे सगळ्या कुटुंबाच्या आधार कार्डांचे फोटो पाठवून मोकळे होतात, लहान पोरांचेसुद्धा. नोंदीला ओळखपत्र लागतंच. पण नोंद झाल्यावर ते फोटो गॅलरीत तसेच पडून राहतात आणि तोच फोन भाचा गेम खेळायला घेतो. सिग्नल हे व्हॉट्सअ‍ॅपसारखंच मेसेजचं अ‍ॅप घेतलं ते एवढ्यासाठी. दिवाळीपासून वापरतोय, आता आंबा संपत आला.

आधी एक सांगतो, व्हॉट्सअ‍ॅपला उगाच नावं ठेवू नयेत. २०१६ पासून त्यातले मेसेज सिग्नलच्याच प्रोटोकॉलने (ठरलेल्या पद्धतीने) एन्क्रिप्ट होतात, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येत नाहीत. पण कोण कोणाशी कधी बोललं ही माहिती वेगळी, ती त्यात झाकली जात नाही, आणि गूगल ड्राइव्हवरच्या बॅकअपचं एन्क्रिप्शन आपणच सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. सिग्नलला २०१६ मध्येच अमेरिकेत ग्रँड ज्यूरीचं (खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचं) वापरणाऱ्यांची माहिती मागणारं समन्स आलं होतं. खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच त्यांच्यापाशी निघालं. जे साठवलंच नाही ते देणार कुठून?

मला सगळ्यात उपयोगी पडले ते आपोआप पुसले जाणारे मेसेज. नव्या चॅटला आठवड्याची मुदत कायमची लावून ठेवली आहे. फोटो मुद्दाम सेव्ह केल्याशिवाय गॅलरीत उतरत नाही. समोरच्याने स्क्रीनशॉट काढला तर मात्र इलाज नाही.

दुसरी सोय २०२४ मध्ये आलेल्या युजरनेमची, म्हणजे नंबराऐवजी द्यायच्या नावाची. खातं उघडायला मोबाइल नंबर लागतोच, पण तो पाहुण्यांना दिसत नाही. जेवणाचं बायको बघते. मासे की शाकाहारी, सोलकढी किती, हे सगळं तिच्याशी ठरतं. पूर्वी तिचा नंबर पाहुण्यांकडे जायचा आणि गणपतीपर्यंत ‘गुड मॉर्निंग’ येत राहायचे. ते थांबलं. माझ्या मते नुसत्या याच्यासाठीही अ‍ॅप घ्यावं.

आता अडचणी. मेसेज उशिरा यायचे, तो प्रताप निघाला फोनच्या बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगचा; सिग्नलला त्यातून वगळल्यावर ठीक झालं. बॅकअपची किल्ली आपल्यापाशीच असते, हरवली तर कंपनीही काढून देऊ शकत नाही. मी ती कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवली आहे.

मुख्य रडगाणं माणसांचं. बागायतदारांचा ग्रुप, वाडीचा ग्रुप, भाऊबंद, सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर. आत्या म्हणते, “अरे, माझं काय आहे चोरायला?” पण काजूबी कितीला घातली असं शेजारणीने विचारलं की हीच आत्या पावसाचा विषय काढते! तिला काही मी अजून वळवू शकलो नाही.

जाहिराती नाहीत, पैसे नाहीत, देणग्यांवर चालतं. २०१८ मध्ये सिग्नल चालवणारं फाउंडेशन उभं राहिलं तेव्हा ५ कोटी डॉलर घातले ब्रायन अ‍ॅक्टनने, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपच्याच एका संस्थापकाने.

सध्या बुकिंगला उत्तर देताना मी सांगतो की शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार सिग्नलवर पाठवा, नाहीतर आल्यावर दाखवा. बहुतेक जण म्हणतात, “काका, आल्यावरच दाखवतो.” तेही चालतं, मग फोनमध्ये काही घ्यावंच लागत नाही.