लाइपझिगचं बाख म्युझियम: संगीतातलं कळत नसलं तरी जा

मुलाकडे बर्लिनला गेलो होतो तेव्हा एक दिवस लाइपझिग करून आलो, ट्रेनने सव्वा तास. तिथं बाखचं म्युझियम आहे, अठराव्या शतकातला मोठा जर्मन संगीतकार. आधीच सांगते, वेस्टर्न क्लासिकलमधलं मला ओ का ठो कळत नाही.

म्युझियम सेंट थॉमस चर्चच्या अगदी समोर. पण हे बाखचं घर नाही बरं का, शेजारच्या बोझे नावाच्या व्यापाऱ्याचं. बाख राहायचा ती सेंट थॉमस शाळेची बिल्डिंग १९०२ मध्ये पाडली, हे ऐकून जरा हिरमोड झाला. पण आत एका जुन्या चर्च-ऑर्गनचा कन्सोल (बसून वाजवायचा पट्ट्यांचा भाग) आहे, १७४३ मध्ये स्वतः बाखने वाजवून तपासून पास केलेला, तो बघितला आणि रुसवा गेला.

हस्तलिखितांची खोली मुद्दाम अंधारी ठेवलीय. बाख बऱ्याचदा पानाच्या सुरुवातीला 'जे. जे.' लिहायचा, म्हणजे 'येशू, मदत कर', आपण वहीवर 'श्री' काढायचो ना, सेम तसं! हे कळल्यावर माणूस एकदम ओळखीचा वाटायला लागला.

आणि नोकरी तरी कसली, ह्या शाळेच्या पोरांना गाणं शिकवायचं आणि चर्चचं संगीत सांभाळायचं. १७२३ ला लागला तोही टेलिमान आणि ग्राउपनर हे तेव्हाचे दुसरे दोन संगीतकार जमले नाहीत म्हणून, मग १७५० ला जाईपर्यंत तिथंच. सुरुवातीची काही वर्षं तर जवळजवळ दर रविवारी नवीन कँटाटा (चर्चमध्ये गायक-वादकांनी मिळून सादर करायची रचना), म्हणजे आठवडाभर लिहायचं, बायको-विद्यार्थ्यांनी प्रत्येकाचे पार्ट उतरवून काढायचे, पोरांची तालीम, की लगेच पुढचा रविवार आलाच. वर पगाराची रड. १७३० मध्ये मित्राला पत्रात लिहितो की गेल्या वर्षी गावची हवा चांगली होती, माणसं कमी मेली, त्यामुळे अंत्यविधीच्या संगीताच्या फीचे शंभरावर थालर (तेव्हाचं चांदीचं नाणं) बुडाले 😄 चर्चबाहेरच्या बाखच्या पुतळ्याच्या कोटाचा खिसा उलटा बाहेर काढलाय, तो नीट बघा.

हेडफोन लावून बाख ऐकत बसायची सोय आहे, तिथंच माझा पाऊण तास गेला आणि ह्यांनी तेवढ्यात जवळच्या एका कॅफेत कोमट कॉफीला भरपूर युरो मोजले. म्युझियम सोमवारी बंद. जमलं तर शुक्रवारी जा, संध्याकाळी सहाला चर्चमध्ये मोटेट, म्हणजे धार्मिक गाण्यांचा कार्यक्रम असतो (शनिवारी दुपारी तीनला), शाळेला सुट्टी नसेल तर १२१२ पासून चालत आलेला सेंट थॉमसच्या मुलांचा कॉयर (गायकवृंद) गातो. बाखची कबर तिथंच पुढे, जमिनीत, वर फक्त नाव. आम्ही गेलो तेव्हा कोणीतरी एकच पिवळं फूल ठेवलं होतं.

साडेचार स्टार. अर्धा कापला तो घर पाडणाऱ्यांचा.