पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळतेय: आधी माती तपासायची की पाणी?

बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास आला की लोक आधी पाणीच तपासायला धाडतात. स्वस्त पडतं. पण मराठवाड्यातल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून वाट काढतं. एक बोअर नासतो, शेजारचा स्वच्छ निघतो. शिवाय पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि मोटर खालचं पाणी ओढते. नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून बर्फात ठेवायचा, नाहीतर बेंझीन, म्हणजे पेट्रोलमधलं विषारी रसायन, उडून जातं. (प्लास्टिकची जुनी बाटली नकोच.)

मातीचं काम खर्चिक. पण टाकीभोवती मुरमापर्यंत छिद्रं घेतली की गळतीचा उगम सापडतो. मी मातीपासूनच सुरुवात करेन. जागतिक आरोग्य संघटनेची बेंझीनची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. पाणी त्या मर्यादेत आहे हे कळेपर्यंत वास येणाऱ्या बोअरचं पाणी पिणं बंद.