शहराच्या अगदी मधोमध, बजेटमधलं हॉटेल: चार रात्री राहून लिहितेय

आधीच सांगते, खोली लहान आहे. दोन बेड, मधे एक माणूस उभा राहील एवढी जागा, कपाट नाही, भिंतीला हुक आहेत, आणि दोन्ही बॅगा एकदम उघडायच्या म्हटल्या तर एक बेडवर घ्यावी लागते. ज्यांना हे अजिबात चालणार नाही त्यांच्यासाठी हे हॉटेल नाही. पण मी आणि आई तिथे चार रात्री राहिलो, चारही रात्री नीट झोपलो, मेन स्टेशन चालत सहा मिनिटं, आणि बुक करताना जो आकडा दिसला तोच शेवटी भरला. भर सेंटरला, कमी पैशात, या तीन गोष्टी एकत्र मिळणं किती अवघड आहे ते ज्यांनी शोधलंय त्यांना माहीत असेल.

माझं चार दिवसांचं ट्रेनिंग होतं आणि या वेळी आईला न्यायचंच असं ठरवलं होतं. तिचे गुडघे दुखतात, सकाळी फिरली की दुपारी तासभर आडवं व्हावंच लागतं. सगळे म्हणत होते की लांब उपनगरात घे, निम्म्या पैशात मिळेल. मी कागदावर हिशेब मांडला. दोन माणसं, चार दिवस, रोज एकदा जाऊन येणं म्हणजे १६ तिकिटं, आई दुपारी आरामाला परत येणार म्हटलं की अजून ८, शिवाय एखाद दिवशी उशीर झाला की टॅक्सी. वाचलेल्यातले बरेचसे पैसे तिथेच जात होते आणि वर आई रोज दमणार ते वेगळंच. म्हणून सेंटरलाच घ्यायचं, आणि सेंटरला स्वस्त म्हटलं की काहीतरी सोडावं लागणार हे मान्य करायचं. जागा सोडू, देखावा सोडू, खिडकीतून दिसणारं दृश्य सोडू, पण झोप सोडायची नाही.

हे मी अनुभवातून शिकलेय. मागच्या वेळी दुसऱ्या एका हॉटेलात राहिले होते, फोटो इतके सुंदर की दहा मिनिटांत बुक केलं. खाली बार होता, रात्री अडीचपर्यंत म्युझिक, खिडकीची काच थरथरायची, आणि निघताना काउंटरवर सर्व्हिसच्या नावाखाली वेगळी रक्कम मागितली जी बुकिंगच्या पानावर कुठेच ठळक दिसली नव्हती. हा प्रकार इतका वाढला की अमेरिकेत मे २०२५ पासून नियमच आलाय, हॉटेलने सक्तीचे सगळे चार्जेस धरून एकूण रक्कम आधीच दाखवायची. सगळीकडे असा नियम नाही, त्यामुळे आता मी शेवटच्या पेमेंटच्या पानापर्यंत जाऊन तिथला आकडा लिहून घेते आणि तुलना त्याच आकड्यांची करते, लिस्टमध्ये दिसणाऱ्या रेटची नाही. काही शहरांत टुरिस्ट टॅक्स माणशी, दर रात्रीचा असतो आणि तो हॉटेलातच भरायचा असतो, तोही त्यात मिळवायचा.

तर हे हॉटेल कसं सापडलं. मी स्टार बघितलेच नाहीत. स्टार द्यायची सगळ्या जगाची एक पद्धत नाही, युरोपातल्या काही देशांनी २००९ मध्ये एकत्र येऊन सारखे निकष केले, बाकी ठिकाणी प्रत्येकाचं वेगळं. आणि ते निकष बहुतेक सुविधा मोजतात, रिसेप्शन किती तास, लिफ्ट आहे का, खोलीत काय काय आहे. रात्री झोप लागते का हे स्टार सांगत नाही. मी सरळ रिव्ह्यू उघडले, नवीन आधी, कमी मार्कांचे आधी, आणि त्यात आवाज, ओल, लिफ्ट, ढेकूण हे शब्द सर्च केले. या हॉटेलच्या वाईट रिव्ह्यूंत जवळपास सगळ्यांची तक्रार एकच, खोली फार छोटी. एकानेही लिहिलं नव्हतं की झोप झाली नाही. मला तेच हवं होतं.

मग मॅप. ॲपवर जे सेंटरपासून अमुक मीटर दाखवतात ते बऱ्याचदा सरळ रेषेतलं अंतर असतं, मधे रेल्वेचे रूळ असोत की सहा लेनचा रस्ता असो. एक हॉटेल असंच ४०० मीटर दाखवत होतं आणि चालायचा रस्ता काढला तर १९ मिनिटं, त्यात पादचारी पुलाच्या पायऱ्या. आईबरोबर शक्यच नव्हतं. इथे चालायचा रस्ता सपाट होता, आणि संध्याकाळनंतरही दुकानं उघडी असलेला, हे मी मॅपवरच्या फोटोंत आधी बघून घेतलं.

रेटचं सांगते. आज रात्री रिकामी राहिलेली खोली हॉटेलला उद्या विकता येत नाही, त्यामुळे मागणी बघून रेट रोज, कधी दिवसातून दोनदाही हलतो. ऑफिसांच्या भागात शनिवार-रविवार स्वस्त पडतात, फिरायला येणाऱ्यांच्या भागात नेमके तेच महाग, आणि रविवारची रात्र पुष्कळदा सगळ्यात स्वस्त. माझे दिवस ठरलेले होते पण आम्ही शनिवारऐवजी रविवारी पोचलो, तेवढ्यानेच एका रात्रीचा फरक चांगलाच जाणवला. तुमचे दिवस हलवता येत असतील तर त्या आठवड्यात शहरात मोठं प्रदर्शन, मॅच, कॉन्सर्ट आहे का ते आधी बघा, नाहीतर साध्या खोलीचे दुप्पट जातात. मी दोन महिने आधी फ्री कॅन्सलेशनवालं बुकिंग करून ठेवलं, रिफंड न मिळणारं थोडं स्वस्त होतं तरी ते टाळलं, आणि आठ दिवस आधी पुन्हा बघितलं तर रेट खाली आला होता.

तेव्हा मी हॉटेलला फोन केला, आणि तो करून फार बरं झालं. बुकिंग साइट हॉटेलकडून साधारण १५ टक्के किंवा त्याहून जास्त कमिशन घेतात, म्हणजे थेट घेणाऱ्याला थोडं कमी करायला हॉटेलकडे जागा असते. बरीच वर्षं काही साइटच्या करारात अट असायची की हॉटेलने स्वतःच्या साइटवर त्याहून कमी रेट दाखवायचा नाही, युरोपात २०२४ मध्ये नव्या कायद्यामुळे सगळ्यात मोठ्या साइटला ती अट सोडावी लागली. फोनवर मात्र विचारायला काहीच हरकत नसते. मी फक्त एवढंच म्हटलं की साइटवर हा रेट दिसतोय, थेट घेतलं तर काय देता येईल. रिसेप्शनवरचे गृहस्थ म्हणाले रेट तोच ठेवतो पण नाश्ता दोघींचा त्यात धरतो आणि सकाळी लवकर खोली रिकामी असेल तर देतो. मेलवर लिहून पाठवा म्हटलं, पाठवलं. मग जुनं बुकिंग मुदतीच्या आत कॅन्सल केलं. हा क्रम महत्त्वाचा आहे बरं का, नवीन हातात येईपर्यंत जुनं सोडायचं नाही.

त्याच फोनवर खोलीबद्दल विचारलं. खिडकी आहे का, असेल तर उघडते का, कुठल्या बाजूला. स्वस्त खोल्यांत खिडकी नसते किंवा समोर भिंत असते आणि फोटोत पडदा लावलेला असतो, म्हणून विचारावंच लागतं. त्यांनी न लपवता सांगितलं की रस्त्याकडची खोली मोठी आणि उजेडाची आहे पण पहाटे कचऱ्याच्या गाड्या येतात, आतल्या चौकाकडची लहान आहे, उजेड कमी, पण शांत. मी आतली मागितली. लिफ्टबद्दलही विचारलं. लिफ्ट आहे पण रस्त्यापासून लिफ्टपर्यंत चार पायऱ्या आहेत हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. चार पायऱ्या आईला जमतात. ज्यांच्याबरोबर व्हीलचेअर आहे त्यांनी मात्र हे ध्यानात ठेवा.

खोलीत गेल्यावर आधी बॅगा बाथरूममध्ये ठेवल्या आणि गादीच्या शिवणी, कोपरे, बेडची डोक्याकडची फळी मोबाईलच्या टॉर्चने बघितली. ढेकूण असले तर तिथे काळे ठिपके दिसतात. काही नव्हतं. चादरी पातळ पण कडक धुतलेल्या, गादी घट्ट, आईला तीच मानवते. रात्री अकराला मोबाईलच्या ॲपवर आवाज मोजला, ३४-३५ डेसिबल दाखवलं. ॲप काही फार अचूक नसतं, पण जागतिक आरोग्य संघटना झोपायच्या खोलीत ३० च्या आसपास असावा म्हणते, आणि बाहेर एवढं गजबजलेलं शहर असताना हे मला खूपच चांगलं वाटलं. दुहेरी काच आहे, बंद केली की रस्ता जणू नाहीच.

आता जे आवडलं नाही ते. दार पातळ आहे, पहाटे पाचला निघणाऱ्यांच्या बॅगांची चाकं कॉरिडॉरमधून जातात ती ऐकू येतात, आई दोन दिवस त्यानेच उठली. प्लग पॉइंट एकच आणि तो बेडपासून लांब, एक्स्टेंशन न्याच. बाथरूममधला पंखा ओढत नाही, आंघोळीनंतर दार उघडं ठेवावं लागतं, नाहीतर टॉवेल संध्याकाळपर्यंत ओला. वायफाय रिसेप्शनपाशी उत्तम, खोलीत मेसेजपुरतं. बाथरूममध्ये धरायला दांडा हवा होता, वयस्क माणसं येत असतील तर तो लावायला हवा, मी निघताना सांगून आलेय आणि त्यांनी लिहून घेतलं.

माणसं मात्र खरंच चांगली. आम्ही सकाळी सातला पोचलो, चेकइन दुपारी तीनचं, खोली रिकामी नव्हती तर बॅगा ठेवून घेतल्या, आईला बसायला आत जागा दिली, आणि सव्वादहाला खोली तयार करून दिली. त्याचे जास्तीचे पैसे घेतले नाहीत. शेवटच्या दिवशी चेकआउट अकराला, ट्रेन रात्रीची, तेव्हाही बॅगा दिवसभर तिथेच. एका संध्याकाळी मला यायला उशीर झाला तर रिसेप्शनवरच्या बाईंनी वर फोन करून आईला विचारलं की काही हवंय का. मला ते आठवलं की अजून भरून येतं.

ऑफिसमधल्या एकाने कॅप्सूल हॉटेल सुचवलं होतं. जगातलं पहिलं ओसाकाला १९७९ मध्ये सुरू झालं, किशो कुरोकावा या आर्किटेक्टने डिझाइन केलेलं, माणूस झोपेल एवढीच पेटी आणि बाथरूम सगळ्यांचं मिळून. एकट्याने, एका रात्रीपुरतं, सेंटरलाच राहायचं असेल तर मी नक्की घेईन. पण वरच्या कप्प्याला शिडी चढावी लागते आणि खालचाच मिळेल याची खात्री नाही, म्हणून आईबरोबर तो विचार सोडला.

मार्क द्यायचे तर जागेला पाचपैकी दोन, लोकेशनला पाच, झोपेला साडेचार, माणसांना पाच, पैशाला पाच. मार्चमध्ये ट्रेनिंगचा दुसरा भाग आहे. आईने सांगितलंय की तीच चौकाकडची खोली हवी पण कॉरिडॉरच्या शेवटची, म्हणजे दारावरून चाकं जाणार नाहीत. मी काल फोन करून तीच मागून ठेवलीये आणि मेलही आलाय.