डीसी ब्लॉकर: ॲम्प्लिफायरची घुमघुम अखेर थांबली

रात्री हळू आवाजात गाणं ऐकताना माझ्या ॲम्प्लिफायरच्या पोटातून सतत घुमघुम यायची. स्पीकरच्या वायरी काढल्या तरी थांबेना, म्हणजे दोष ग्राउंड लूपचा (उपकरणांच्या अर्थिंगमधून तयार होणाऱ्या वेढ्याचा, ज्याने स्पीकरमध्ये घुमघुम येते) नव्हता, ट्रान्सफॉर्मरच थरथरत होता. झाकणावर तळहात ठेवला की कंप जाणवायचा. एकदा आतल्या खोलीत हेअर ड्रायर मंद आचेवर सुरू झाला आणि घुमघुम एकदम चढली, तेव्हा उलगडा झाला. असे काही ड्रायर डायोड लावून विजेची अर्धीच लहर घेतात, त्यातून लाइनमध्ये थोडा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा विद्युतदाब, शिरतो. टोरॉइडल (कडीच्या आकाराच्या) ट्रान्सफॉर्मरचा गाभा सॅच्युरेट व्हायला, म्हणजे त्याची चुंबकीय क्षमता संपून तो थरथरायला, अर्धा-एक व्होल्टसुद्धा पुरतो.

म्हणून हा डीसी अडवणारा डीसी ब्लॉकर घेतला. आत मोठे कपॅसिटर, त्यांना समांतर डायोड, बस्स. जोडला, ड्रायर मुद्दाम लावायला सांगितला, झाकणाला कान टेकवला. काहीच नाही! किती हायसं वाटलं.

अर्थिंग यातून सरळ पुढे जातं, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र ॲम्प्लिफायरचा पूर्ण करंट तो पेलतो का, ते घेण्याआधी बघाच. स्पीकरमधून येणाऱ्या घुमघुमीवर (हमवर) याचा उपयोग नाही.