शेजारच्या उशीवरून सीपॅप: चौदा महिन्यांचा अनुभव

झोपेत श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून हवा देणाऱ्या सीपॅप यंत्राविषयीचे जे अभिप्राय वाचायला मिळतात, ते बहुधा मास्क लावून झोपणाऱ्या व्यक्तीने लिहिलेले असतात. हा अभिप्राय त्याच अंथरुणातल्या दुसऱ्या उशीवरचा आहे. माझ्या पतींसाठी आम्ही गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑटो सीपॅप घेतले. त्यापूर्वी तीन वर्षे त्यांच्या घोरण्यामुळे आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत झोपत होतो. यंत्राच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण फरक पडला तो मास्कमुळे आणि विक्रेत्यामुळे, आणि या दोन्हींची निवड ज्याने त्याने आपल्या चेहऱ्याप्रमाणे आणि गावाप्रमाणे करायची असते.

यंत्रापर्यंत येण्याआधी आम्ही बाकीचे सगळे उपाय करून पाहिले होते. कानात घालायच्या फोमच्या बोळ्यांच्या पाकिटावर २९ डेसिबल आवाज अडवण्याचा दावा होता, परंतु तो आकडा प्रयोगशाळेत नीट बसवलेल्या बोळ्यांचा असतो, आणि घोरण्यातला खर्जातला भाग तरीही गादीतून आणि उशीतून पोहोचतच राहतो. शिवाय पहाटे दूधवाल्याची बेल मला ऐकू येईना. नाकावर लावायच्या पट्ट्यांनी नाक मोकळे झाले. मात्र ह्यांचे घोरणे नाकातले नसून घशातले होते. झोपेत स्नायू सैलावले की मऊ टाळू आणि पडजीभ श्वासाच्या झोताने थरथरतात, तिथे नाकावरची पट्टी काय करणार? बनियनला पाठीमागे खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवण्याचा जुना उपायही केला. उताणे झोपल्यावर जीभ मागे पडते आणि घोरणे वाढते, हे खरेच आहे. पण चेंडूवर उताणे झोपूनही गाढ घोरणारा माणूस मी घरातच पाहिला.

शेवटी मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि तिची खोली रिकामी झाली, तेव्हा मी माझी उशी उचलली. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ही चैन सगळ्यांना परवडण्यासारखी नसते, हे मला ठाऊक आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी ती करण्यात कसलीही लाज बाळगू नये, असेच मी आजही म्हणेन, कारण पहिल्या आठवड्यातच माझी डोकेदुखी गेली आणि सकाळचा चिडचिडेपणाही गेला. लोकांना मात्र ते समजावणे कठीण गेले. कामाच्या मावशींनी आठवडाभर दोन खोल्यांतली दोन अंथरुणे आवरल्यावर एके दिवशी अगदी हलक्या आवाजात "ताई, सगळं ठीक आहे ना?" असे विचारले. सासूबाई गुहागरहून येणार असल्या की मी आदल्या दिवशी उशी मूळ खोलीत नेऊन ठेवत असे आणि त्यांचा मुक्काम संपेपर्यंत जागरण सोसत असे. नवरा-बायकोने वेगळे झोपणे म्हणजे भांडण, हा हिशेब आपल्याकडे इतका पक्का आहे की "घोरण्यामुळे" हे उत्तर ऐकणाऱ्याला सबब वाटते.

परंतु वेगळ्या खोलीचा एक तोटा होता, आणि तो मला तीन वर्षे कळला नाही. भिंतीपलीकडून घोरण्याचा आवाज येत असे, मधेच तो थांबत असे, आणि तो थांबला की मला बरे वाटत असे. परवाच्या गणपतीच्या आधीच्या गणपतीत आम्ही गुहागरजवळच्या घरी गेलो, तेव्हा नेहमीप्रमाणे पुरुषमंडळींच्या सतरंज्या ओटीवर पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी धाकटे दीर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, दादाचा श्वास मधेच बंद पडतो. मी घड्याळ लावून पाहिलं, वीस-पंचवीस सेकंद. मग गुदमरल्यासारखा दचकतो आणि परत घोरायला लागतो." ज्या शांततेची मी भिंतीपलीकडे वाट पाहत होते, ती श्वास थांबल्याची शांतता होती. झोपेत श्वास असा वारंवार थांबण्याच्या आजाराच्या, म्हणजे स्लीप ॲप्नियाच्या, रुग्णाला स्वतःला यातले काही आठवत नाही. ते सांगू शकतो तो शेजारी झोपणारा, आणि आमच्या घरातला तो साक्षीदार मीच उठवून दुसऱ्या खोलीत नेला होता.

पुण्याला परतल्यावर आम्ही छातीरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी गळ्याचा घेर मोजला, तो बेचाळीस सेंटिमीटर भरला, आणि रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू असल्याची नोंद केली. मग एपवर्थ प्रश्नावली दिली. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी ही १९९१ मध्ये प्रसिद्ध केली: वाचताना, दूरदर्शनपुढे, दुपारी आडवे झाल्यावर, सिग्नलला गाडी थांबल्यावर, अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन गुणांत सांगायची असते, आणि बेरीज दहाच्या वर गेली की दिवसाची झोप प्रमाणाबाहेर मानतात. ह्यांनी स्वतःला सात गुण दिले. मी त्याच कागदावर पेन्सिलीने दिलेल्या गुणांची बेरीज पंधरा आली. डॉक्टरांनी दोन्ही आकडे लिहून घेतले, याचे मला कौतुक वाटले.

तपासणी घरीच झाली. रात्री साडेआठला तंत्रज्ञ आला, नाकात बारीक नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिमीटर लावून गेला आणि सकाळी सगळे काढून घेऊन गेला. साडेपाच हजार रुपये झाले. या तपासणीत मेंदूच्या लहरी नोंदल्या जात नाहीत, त्यामुळे माणूस किती वेळ खरोखर झोपला होता हे यंत्राला कळत नाही आणि दोष प्रत्यक्षाहून कमी दिसू शकतो. रुग्णालयात रात्रभर राहून केलेली पूर्ण तपासणी अधिक काटेकोर असते. आमच्या बाबतीत घरच्या तपासणीनेच शंका ठेवली नाही. दर तासाला अडतीस वेळा श्वास निदान दहा सेकंद थांबत होता किंवा अगदी उथळ होत होता, आणि रक्तातला ऑक्सिजन एकदा ७६ टक्क्यांपर्यंत उतरला होता. पाचच्या खाली असेल तर ठीक, तीसच्या वर असेल तर तीव्र, अशी या मोजणीची विभागणी आहे.

आता यंत्राविषयी. सीपॅप म्हणजे मुळात एक शांत पंखा: तो हलक्या दाबाची हवा नळीतून आणि मास्कमधून सतत आत सोडतो, आणि त्या हवेच्या टेकूने घशाच्या भिंती मिटत नाहीत. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ही युक्ती प्रथम वापरली आणि १९८१ मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. तोपर्यंत तीव्र आजाराला श्वासनलिकेला बाहेरून छिद्र पाडणे हाच खात्रीचा इलाज होता. आमचे यंत्र ऑटो आहे, म्हणजे ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतक्या कक्षेत ते स्वतः कमी-जास्त होते. डॉक्टरांनी आमच्यासाठी ६ ते १४ अशी मर्यादा ठरवून दिली. हवा दमट करणारा ह्युमिडिफायर आणि एक मास्क यांसह यंत्राला अठ्ठेचाळीस हजार रुपये पडले.

पहिल्या रात्री घोरणे थांबले. हे वाक्य इतके सरळ आहे की त्यावर विश्वास बसणार नाही, म्हणून सांगते की मी मधल्या दारात उभी राहून अर्धा तास छातीची हालचाल पाहत होते. मात्र पुढचे पाच आठवडे कष्टाचे गेले, आणि त्यांचे कारण मास्क होता. विक्रेत्याने चेहरा न मोजता मध्यम आकाराचा नाकावरचा मास्क दिला. ह्यांना मिश्या आहेत. मिशीवर सिलिकॉनची कड बसत नाही, हवा सुटते, सुटलेली हवा थेट डोळ्यांत जाते, आणि ती थांबवण्यासाठी पट्टे आवळले की नाकाच्या हाडावर वळ उठतात. विक्रेत्याला फोन केला की एकच उत्तर मिळे, "होईल सवय." सवय झाली नाही. अखेर दुसऱ्या दुकानातून नाकपुड्यांशी टेकणाऱ्या दोन लहान उश्यांचा मास्क सात हजारांना घेतला. तो मिशीच्या वर बसतो, आणि त्याचे पट्टे सैल ठेवले की तो अधिक चांगला बसतो. नवीन घेणाऱ्यांना माझा आग्रह राहील की यंत्र आणि मास्क आधी पंधरा दिवस भाड्याने घ्यावेत, आणि घरच्या उशीवर आडवे पडून मास्क बसतो का ते पाहावे. दुकानातल्या खुर्चीवर तर कुठलाही मास्क बसतो.

आवाजाचे म्हणाल तर, या वर्गातल्या यंत्रांच्या माहितीपत्रकात साधारण २७ डेसिबल असे लिहिलेले असते, आणि आमच्या खोलीत छताच्या पंख्यापुढे तो आवाज ऐकूही येत नाही. शेजारच्या उशीवरच्या माणसाची झोप मोडणाऱ्या गोष्टी माहितीपत्रकात नसतात. मास्कला उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात, आणि पती माझ्याकडे कूस करून झोपले की त्या छिद्रांतून निघणारा गार झोत बरोबर माझ्या कपाळावर येतो. यावर उपाय एकच निघाला, की दोघांमध्ये एक लोड ठेवायचा. दुसरी गोष्ट नळीतल्या पाण्याची. डिसेंबरच्या थंडीत ह्युमिडिफायरची दमट हवा गार नळीत आल्यावर तिचे पाणी होते आणि पहाटे तीनला हुक्का ओढल्यासारखी गुडगुड सुरू होते. ह्युमिडिफायर दोन अंशांनी खाली आणला आणि नळी पांघरुणाच्या आत घेतली, तेव्हा ती थांबली. पावसाळ्यात तर आम्ही तो बंदच ठेवतो. हवेतच पुरेसा दमटपणा असतो. तिसरी गोष्ट मच्छरदाणीची. नळी मच्छरदाणीच्या खालून आत घ्यावी लागते आणि जिथून ती आत येते तिथूनच डासही येतात, म्हणून मी त्या जागी कपड्याची बाही शिवून तिला नाडी लावली आहे. हे काम कुठल्याच कंपनीने केलेले माझ्या पाहण्यात नाही.

वीज गेली की यंत्र बंद पडते आणि माणूस मास्क ओढून काढत जागा होतो. आमच्या इन्व्हर्टरवर फक्त दिवे-पंखे होते. वायरमनकडून पलंगाजवळच्या प्लगची जोडणी त्यावर घेतली. यंत्राला वीज थोडी लागते, ह्युमिडिफायरच्या तापण्याला जास्त लागते, त्यामुळे वीज वारंवार जाण्याच्या दिवसांत तो बंद ठेवला तर रात्र निभावते. टाकीत डिस्टिल्ड पाणीच घालावे. आम्ही दोन आठवडे बोअरचे पाणी वापरले आणि तळाला क्षारांचा पांढरा थर बसला.

वापरलेले यंत्र स्वस्तात घेण्याचा विचार असेल तर एक गोष्ट तपासावी. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आपली जगभरातली लाखो यंत्रे परत मागवण्याची घोषणा केली होती, कारण आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला पॉलियुरेथेन फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका आढळला होता. त्यामुळे जुने यंत्र घेताना त्याचे मॉडेल आणि अनुक्रमांक त्या यादीशी ताडून पाहावेत. आणि तपासणी न करता, केवळ शेजारी झोपणाऱ्याची झोपमोड होते म्हणून, हे यंत्र मागवू नये. ज्यांचा श्वास थांबत नाही, नुसते घोरणे आहे, त्यांच्यासाठी वजन, रात्रीचे मद्य आणि कुशीवर झोपणे यांकडे लक्ष देणे, किंवा दंतवैद्याकडून खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी करून घेणे, हे मार्ग आहेत. आणि दुसरी खोली तर आहेच.

चौदा महिन्यांनंतरचा हिशेब असा आहे. यंत्राच्या कार्डावरची नोंद ओस्कार या मोफत संगणक-प्रणालीत उघडता येते, आणि माझे पती निवृत्तीला आलेले अभियंता असल्यामुळे दर रविवारी ती उघडतात. तासाला दोन-तीनच्या वर श्वास थांबत नाही. रात्री लघवीसाठी तीनदा उठणे होते, ते एकदाच उरले. दुपारच्या जेवणानंतर वर्तमानपत्र छातीवर ठेवून लागणारी डुलकी गेली. एपवर्थच्या कागदावर आता मीही त्यांना सहाच गुण देते. यंत्राला मी पाचपैकी साडेचार, पहिल्या मास्कला एक, दुसऱ्याला चार आणि पहिल्या विक्रेत्याला शून्य देईन.

एका खोलीत परत येणे मात्र मला यंत्राहून कठीण गेले. तीन वर्षांत मला माझा पंख्याचा वेग, माझी उघडी खिडकी आणि अकरापर्यंत दिवा लावून वाचण्याची सवय झाली होती, आणि घोरणे बंद झाले म्हणून त्या सवयी बंद झाल्या नाहीत. आम्ही हळूहळू आलो, आधी शनिवार-रविवार आणि मग दिवाळीनंतर रोज. मुलीच्या खोलीतली गादी आम्ही काढलेली नाही. सर्दीने नाक चोंदले की नाकावरचा मास्क चालत नाही, त्या रात्री घोरणे परत येते, आणि त्यासाठी आम्ही नियम ठरवला आहे की ज्याने मास्क काढला त्याने आपली उशी उचलायची. गेल्या पंधरवड्यात ह्यांना सर्दी होती, तेव्हा तीन रात्री ते त्या खोलीत झोपले आणि मी दोन्ही खोल्यांची दारे उघडी ठेवली.