जॅप ५०० स्पीडवे मोटरसायकल : जॅक यंगच्या कारकिर्दीच्या कसोटीवर

मोटरसायकलच्या परीक्षणात ब्रेक, गिअर, सस्पेन्शन आणि मायलेज यांचा हिशेब आधी मांडला जातो. येथे ज्या यंत्राबद्दल लिहायचे आहे, त्याला ब्रेक नाही, गिअर एकच आहे, मागच्या चाकाला सस्पेन्शन नाही आणि मायलेजचा तर विचारच करू नये. तरीही १९३० ते १९६० च्या दशकांत स्पीडवेच्या, म्हणजे राखेच्या लंबगोल ट्रॅकवर होणाऱ्या छोट्या शर्यतींच्या, मैदानावर सर्वाधिक विश्वास ज्या इंजिनावर टाकला गेला ते हेच जॅप, आणि त्याचे मोल ठरवायचे असेल तर ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या जॅक यंग या विश्वविजेत्या स्वाराची कारकीर्द डोळ्यांसमोर ठेवणे हा मला सर्वांत न्याय्य मार्ग वाटतो.

उत्तर लंडनमधील टॉटनहॅम येथील जे. ए. प्रेस्टविच (यांच्याच आद्याक्षरांवरून ‘जॅप’) यांच्या कारखान्यातून हे इंजिन १९३० मध्ये स्पीडवेसाठी बाहेर पडले आणि तोवर मैदान गाजवणाऱ्या डग्लस व रज या गाड्यांना त्याने थोड्याच हंगामांत बाजूला सारले. रचना अगदी सरळ आहे : एकच उभा सिलिंडर, ८० मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), ९९ मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची चाल), म्हणजे ५०० सीसीला थोडे कमी, आणि वरच्या बाजूला पुशरॉडने उघडणारे दोन व्हॉल्व्ह. स्ट्रोक लांब असल्यामुळे कमी फेऱ्यांवरही इंजिन जोर धरते, आणि जिथे गिअर बदलण्याची सोयच नाही तिथे हा गुण इतर सगळ्या गुणांपेक्षा मोलाचा ठरतो. इंधन मिथेनॉलचे. मिथेनॉलची वाफ होताना ते भरपूर उष्णता शोषून घेते, त्यामुळे इंजिन आतून थंड राहते आणि पेट्रोलवर कधीच झेपणार नाही इतके कॉम्प्रेशन ठेवता येते. त्याची किंमत म्हणजे इंधन जवळजवळ दुपटीने लागते, पण चार चकरांच्या, मिनिटभराच्या शर्यतीत त्याची कोणालाच फिकीर नसते.

जवळून पाहिल्यावर सर्वांत आधी लक्ष जाते ते तेलाच्या व्यवस्थेकडे. रस्त्यावरच्या गाडीत तेल फिरून पुन्हा टाकीत येते, इथे ते परत येतच नाही. पिलग्रिम नावाच्या तेलपंपाच्या छोट्या काचेतून एरंडेलाचा एकेक थेंब पडताना दिसतो, तो आत जाऊन आपले काम करतो आणि पुढे बाहेर फेकला जातो. थेंब किती वेगाने पडावेत हे स्क्रूने ठरवायचे, आणि ते ठरवणे म्हणजे इंजिनाचे आयुष्य ठरवणे होय. एरंडेल वापरण्याचे कारणही रास्त आहे : ते प्रचंड उष्णतेतही आपली पकड सोडत नाही. जळालेल्या एरंडेलाचा तो गोडसर, दाट वास ज्याने एकदा घेतला, त्याला तो पुढे कुठेही ओळखू येतो.

हे इंजिन ज्या फ्रेममध्ये बसते ती जेमतेम उभी राहील इतकी सडसडीत असते. युद्धानंतर रोट्रॅक्सच्या फ्रेमना मोठी मागणी होती. अशी गाडी भरूनही शंभर किलोंच्या आत राहते आणि तिला चाळीस अश्वशक्तीच्या आसपास जोर मिळतो. उजव्या गुडघ्यासाठी एक आकडा, उजव्या पायासाठी पायरी, आणि डावा पाय मात्र मोकळा, कारण त्याच्या बुटाखाली बसवलेला पोलादी तळ राखेच्या ट्रॅकवर घासत न्यायचा असतो. वळणावर शिरताना मागचे चाक मुद्दाम बाहेर घसरवायचे, पुढचे चाक उजवीकडे वळवून धरायचे आणि सगळे वळण थ्रॉटलच्या जोरावर पार करायचे. थ्रॉटल अचानक मिटले तर मागचे चाक एकदम पकड घेते आणि स्वार उडून पडतो. जास्त उघडले तर गाडी गरकन फिरते. या दोन टोकांमधली जागा जॅप ज्या सहजतेने हाताला कळवते, ती त्याची खरी ख्याती आहे. जोर एकदम उसळत नाही, तो चढत जातो, आणि म्हणून थ्रॉटलवरच्या मनगटाला त्याच्याशी बोलता येते.

आता यंगकडे वळू. १९२५ मध्ये जन्मलेल्या या ऑस्ट्रेलियन स्वाराने ॲडलेडच्या किलबर्न ट्रॅकवर सुरुवात केली आणि १९४९ मध्ये तो स्कॉटलंडमधील एडिनबरा मोनार्क्स या संघात दाखल झाला. हा संघ ब्रिटनच्या नॅशनल लीगच्या दुसऱ्या विभागात होता. बातम्या, पैसा आणि मोठे स्टेडियम पहिल्या विभागाकडे. दुसऱ्या विभागातील खेळाडूने विश्वविजेतेपद मिळवावे असे तोवर कधी घडले नव्हते. रस्त्यावरच्या मोटरसायकल शर्यतीत त्या काळी कारखान्याचा स्वार असणे म्हणजे इतरांना न मिळणारी गाडी मिळणे होते. स्पीडवेमध्ये तसे नव्हते : विभाग कोणताही असो, स्वारांच्या फ्रेममध्ये जवळजवळ सर्वत्र हेच विकत मिळणारे जॅप असे. कुशल मेकॅनिकच्या हाताने इंजिनात फरक पडत होता हे खरे, पण मूळ माल एकच होता. माझ्या मते या उत्पादनाची सर्वांत मोठी कामगिरी हीच आहे, आणि तिचा पुरावा १९५१ मध्ये लंडनच्या वेंब्ली स्टेडियमवर, विश्वविजेतेपदाच्या अंतिम स्पर्धेत मिळाला.

त्या अंतिम स्पर्धेला नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षक आले होते. सोळा स्वार, प्रत्येकाला पाच शर्यती, जिंकल्यास तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. ऑस्ट्रेलियाचाच जॅक बिग्ज पहिल्या चारही शर्यती जिंकून बारा गुणांवर पोहोचला होता आणि शेवटच्या शर्यतीत तिसरा आला असता तरी विजेतेपद त्याचे होते. तो चौथा आला. त्यामुळे बिग्ज, इंग्लंडचा स्प्लिट वॉटरमन आणि यंग हे तिघेही बारा गुणांवर थांबले आणि निर्णय एका जादा शर्यतीवर गेला. ती यंगने जिंकली, वॉटरमन दुसरा आणि बिग्ज तिसरा. बिग्जबद्दल आजही वाईट वाटते. परंतु दुसऱ्या विभागातून आलेला स्वार त्या रात्री सर्वांच्या पुढे गेला याचा आनंद त्याहून मोठा आहे.

पुढच्या हंगामासाठी पूर्व लंडनच्या वेस्ट हॅम संघाने त्याला त्या काळी विक्रमी ठरलेल्या रकमेला घेतले आणि सप्टेंबर १९५२ मध्ये त्याने वेंब्लीतच पुन्हा बाजी मारली. या वेळी पंधरापैकी चौदा गुण, कोणत्याही जादा शर्यतीची गरज नाही, आणि त्याच्यामागे १९५० चा विजेता फ्रेडी विल्यम्स. विजेतेपद दोनदा मिळवणारा यंग हा पहिलाच. ऑस्ट्रेलियाला पुढचा विश्वविजेता मिळाला तो थेट २००४ मध्ये, जेसन क्रम्पच्या रूपाने.

दोषही सांगितले पाहिजेत. हे इंजिन काळजी मागते, आणि ती सतत मागते. शर्यतींच्या दोन-तीन रात्रींनंतर ते खोलून पाहणे, व्हॉल्व्ह बसवणे, बेअरिंग तपासणे हा नित्यक्रम असतो. मिथेनॉल कार्बोरेटरमध्ये तसेच राहू दिले तर धातू खाते, म्हणून शर्यत संपल्यावर ते काढून टाकावे लागते. मिथेनॉलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे आग लागली तर ती उशिरा कळते. बाहेर फेकले जाणारे तेल ट्रॅकवर आणि स्वाराच्या कपड्यांवर पडते. या खेळाचा धोका सगळाच यंत्राच्या माथी मारता येणार नाही, पण तो विसरताही येणार नाही : जानेवारी १९५१ मध्ये सिडनी येथे ऑस्ट्रेलिया-इंग्लंड कसोटीत झालेल्या अपघातानंतर केन ल ब्रेटन हा अत्यंत लोकप्रिय ऑस्ट्रेलियन स्वार मरण पावला. ज्या वर्षी यंग विश्वविजेता झाला, त्या वर्षाची सुरुवात अशी झाली होती.

यंग पुढे काही काळ ऑस्ट्रेलियात राहून १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॉव्हेंट्रीकडून पुन्हा ब्रिटनमध्ये खेळला. तोवर प्रेस्टविच यांचा कारखाना व्हिलियर्सच्या ताब्यात गेला होता आणि चेकोस्लोव्हाकियातून एसो हे नवे इंजिन येऊ लागले होते. १९६० च्या दशकात एसोने, आणि नंतर त्याच घराण्यातील जावाने, जॅपला मागे टाकले. एसो अधिक मजबूत होते आणि त्याला सारखे खोलावे लागत नसे, त्यामुळे आठवड्याला अनेक शर्यती करणाऱ्या स्वाराने ते निवडले तर त्यात चूक काहीच नव्हती. परंतु आज जुनी स्पीडवे गाडी जमवू पाहणाऱ्याला, तिच्यासाठी वेळ देण्याची तयारी असेल तर, मी जॅपच सुचवीन : तेलाचा पंप आधी तपासावा, क्रँककेसला कुठे वेल्डिंग झाले आहे का ते पाहावे, आणि पहिल्यांदा ढकलून चालू करताना थ्रॉटल थोडेच उघडावे.